जुन्या गाडीचं इंजिन ऑइल गळतंय, गिअरबॉक्स उतरवायला सांगितलंय. करावं का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2009 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 1 लाख 70 हजार किलोमीटर झालेत, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी गाडीखाली तळहाताएवढा तेलाचा डाग दिसतो. गॅरेजवाल्यांनी खालून बघून सांगितलं, "क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, पंधरा हजार धरून चाला." क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा, आणि ऑइल सील म्हणजे त्याच्याभोवतीचं तेल अडवणारं रबरी कडं. गिअरबॉक्स उतरवायचं काम करावं की गाडी विकून टाकावी, असा तुमचा प्रश्न आहे.

आत्ता दोन्ही करू नका. आधी ऑइल नक्की कुठून येतंय ते शोधा. त्यासाठी एखादा रविवार आणि शंभर-दोनशे रुपये पुरतात.

हे ठासून सांगतोय, कारण याच निदानावर मी एकदा पैसे घातलेत. वडिलांची गाडी होती, चार सिलिंडरची, जुन्या पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग, असलेली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात त्या बेल हाउसिंगच्या तळातून थेंब पडायचे. गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये राहिली. चौथ्या दिवशी फरशीवर पुन्हा त्याच जागी तोच डाग. मग दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीखाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. बॉनेट उघडलं, इंजिनच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या, टोकाला डिस्ट्रिब्युटरखाली हात घातला आणि तेलाने माखलेली बोटं मला दाखवली. तिथे अंगठीएवढी रबरी ओ-रिंग असते. ती उष्णतेने कडक होऊन चिरली होती. तेल तिथून ओघळत सरळ बेल हाउसिंगवर उतरत होतं. खालून बघणाऱ्याला मागचं सीलच गेलंय असं वाटणार. पहिल्या मेकॅनिकने लबाडी केली असं मी म्हणणार नाही, पण त्याने वर पाहिलं नव्हतं आणि मीही त्याला बघायला लावलं नव्हतं.

तेल वरून खाली वाहतं, आणि गाडी पळत असताना वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे थेंब जिथे पडतो ती जागा बहुतेक वेळा गळतीची नसतेच. इंजिनवर सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे जो भाग ओला आहे, तिथून शोध सुरू करायचा.

पण त्याच्याही आधी आज रात्रीच ऑइलची पट्टी बघा. गाडी सपाट जागी उभी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर त्याच ग्रेडचं ऑइल थोडं थोडं टाकत वर आणा, वरच्या खुणेच्या पुढे नको. गळतीने इंजिन मरत नाही, ऑइल कमी पडलं की मरतं. दर रविवारी पट्टी बघून तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा, म्हणजे महिन्याभरात किती जातंय ते कळेल. आणि चालू गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर "गॅरेज जवळच आहे" असं म्हणून एक किलोमीटरही पुढे जाऊ नका. बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

आता शोध. खोक्याचा मोठा कोरा पुठ्ठा रात्री इंजिनखाली सरकवा आणि चाकं कुठे होती त्याची खडूने खूण करा. सकाळी पुठ्ठ्यावर रंग आणि जागा दोन्ही नीट दिसतील. तपकिरी-काळं आणि बोटांवर बुळबुळीत लागलं तर इंजिन ऑइल. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल. हा फरक तुमच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे, कारण बेल हाउसिंगमधून गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सीलही गळू शकतं. हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं पातळ म्हणजे कूलंट. नुसतं स्वच्छ पाणी म्हणजे एसीचं, त्याची काळजी नको. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळं, पातळ, निसरडं काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. तसं असेल तर गाडी चालवू नका, आधी ते बघून घ्या.

आणखी एक गोष्ट पुठ्ठाच सांगतो. इंजिन चालू असताना टपटप होते आणि बंद केल्यावर थांबते का? मग गळती प्रेशरच्या बाजूची असण्याची शक्यता जास्त, म्हणजे ऑइल फिल्टर किंवा ऑइल प्रेशर स्विच. रात्रभर हळूहळू झिरपत असेल तर पॅकिंग, चेंबर (इंजिनच्या तळाचं तेल साठवणारं भांडं), ड्रेन प्लग (तेल सोडायचा बोल्ट) यांच्याकडे बघायचं.

मग इंजिन धुवा. वर्षानुवर्षांचा तेल-मातीचा थर असेल तर कोणताही मेकॅनिक नुसता अंदाजच करणार. इंजिन पूर्ण थंड हवं. अल्टरनेटर, इग्निशन कॉइल, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या. डिग्रीसर मारा, ब्रशने घासा, पाण्याची साधी धार द्या. वॉशिंग सेंटरला जोराच्या प्रेशरने मारू देऊ नका, कनेक्टरमध्ये पाणी जातं. पेट्रोलने तर कधीच धुऊ नका. वाळल्यावर संशय असलेल्या जोडांवर घरातली साधी टाल्कम पावडर भुरभुरा, आणि वीस-पंचवीस किलोमीटर फिरून या. पांढऱ्या पावडरवर तेलाची रेघ काळी उमटते. त्या रेघेचं वरचं टोक जिथे, तिथे गळती. वडिलांच्या गाडीवर मी हे आधी केलं असतं तर गिअरबॉक्सला हातही लागला नसता. पावडरने कळलं नाही तर ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा रंग मिळतो. थोडे दिवस गाडी चालवून अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की गळतीचा माग पिवळा-हिरवा चमकतो.

तपासताना वरून सुरुवात करा. या वयाच्या गाडीत माझा पहिला संशय टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या, पॅकिंगवर असतो. रबर वर्षानुवर्षं शेकून प्लास्टिकसारखं कडक होतं, मग बोल्ट कितीही आवळले तरी ते दबत नाही. उलट जास्त आवळल्याने कव्हर वाकतं किंवा ॲल्युमिनियमचे आटे जातात. इथे नवीन पॅकिंग हाच इलाज, आणि तो स्वस्त आहे. इथलं तेल सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर, पडलं की सिग्नलला उभं राहिल्यावर जळका वास येतो. तसा वास येत असेल तर हे काम पुढे ढकलू नका, तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल म्हणजे आगीचा धोका. प्लगवरची कॉइल किंवा वायर काढून, प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीतही बघा. तिथे तेल साचलं असेल तर विहिरीची सीलही त्याच वेळी बदलून घ्या, नाहीतर गाडी मिसिंग मारायला लागेल. तुमच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर नसेल, पण कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) सेन्सर असतो आणि त्यालाही तशीच ओ-रिंग असते. तिथे बोट फिरवून बघाच.

त्यानंतर ऑइल प्रेशर स्विच. त्याच्या वायरचा कनेक्टर काढा, आत तेल असेल तर स्विच गेला. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर कधी कधी इंजिनलाच चिकटून राहतं आणि त्यावर नवीन बसवला जातो. अशी दुहेरी रिंग थोडे दिवस धरते आणि मग अचानक भसाभस ऑइल सोडते. गळती सर्व्हिसिंगनंतर सुरू झाली असेल तर आधी हेच बघा, आणि ड्रेन प्लगचा वॉशरही. तो दर वेळी नवीन टाकायचा असतो.

टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा, असेल तर त्याच्या कव्हरच्या खालच्या कडेला तेल दिसतंय का पाहा. तिथे कॅमचं आणि क्रँकचं पुढचं सील असतं. तेलाने बेल्टचं रबर खराब होतं, आणि कित्येक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटून व्हॉल्व्ह वाकतात. ही गळती छोटी दिसली तरी तिचं काम पुढे ढकलू नका. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चकती) आणि दोन्ही सील एकदमच बदला, मजुरी एकदाच लागते.

आता एक असं कारण, जे मला फार कमी गॅरेजमध्ये कुणी तपासताना दिसलं. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली क्रँक फिरतो त्या पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, उतरतच असतो. तो बाहेर खेचून परत इंजिनमध्ये जाळायला एक छोटा व्हॉल्व्ह आणि नळी असते, पीसीव्ही म्हणतात त्याला. हा काजळीने चोंदला की आतला दाब वाढतो आणि तेलाला प्रत्येक सीलमधून बाहेर ढकलतो. मग तुम्ही एक सील बदलता आणि महिन्याभरात दुसरं गळायला लागतं. इंजिन बंद असताना व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा, आतली गोळी खडखडली पाहिजे. मग तो नळीला जोडलेलाच ठेवून इंजिन चालू करा आणि त्याच्या तोंडावर बोट ठेवा, ओढ जाणवली पाहिजे. ओढ नसेल तर व्हॉल्व्ह आणि नळी बदला. ही वस्तू फार महाग नसते. व्हॉल्व्ह ठीक असूनही ऑइलचं झाकण काढल्यावर धुराचे भपकारे येत असतील, ज्याला गॅरेजमध्ये बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील. अशा वेळी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, करून घ्या. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर काही ऑइल गळत नसून जळतंय, आणि ते सील बदलून थांबणार नाही.

बाटलीतलं गळती थांबवणारं औषध? त्यातलं रसायन कडक झालेल्या रबराला थोडं मऊ करून फुगवतं. झिरपणाऱ्या सीलला काही महिने उपयोग होऊ शकतो, फाटलेल्या पॅकिंगला अजिबात नाही. 20 डब्ल्यू 50 सारखं जाड ऑइल भरण्याचा सल्लाही मिळेल, पण मॅन्युअलमध्ये पातळ ग्रेड लिहिला असेल तर तसं करू नका. थंड इंजिनात जाड तेल वर पोहोचायला वेळ लावतं. सिलिकॉन मात्र चेंबरला लागतंच, बऱ्याच गाड्यांत तिथे वेगळं पॅकिंग नसतं. पण ते बारीक आणि अखंड रेघेत लावायचं. जास्त लावलं की आत सांडतं, तुकडे ऑइलच्या जाळीत जाऊन अडकतात आणि इंजिनला तेल मिळेनासं होतं. तुमच्यासमोर कुणी पाव ट्यूब पिळायला लागलं तर थांबवा. आणि गाडीखाली स्वतः जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका, खाली स्टँड हवेतच.

विकण्याबद्दल. 2009 ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतरचं रि-पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) तुम्ही केलंच असणार. ते पाच वर्षांचं असतं आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. तेवढं केलेली, इंजिन चांगलं ओढणारी गाडी एका डागासाठी पडत्या भावात देऊ नये असं मला मनापासून वाटतं. रिंगा झिजल्याचं निघालं तर गोष्ट वेगळी, तेव्हा हिशोब नव्याने करा.

आणि हे सगळं करून, वरचं सगळं कोरडं असताना बेल हाउसिंगच्या तळातून इंजिन ऑइलच येत असेल, तर मेकॅनिक बरोबर आहेत. तेव्हा काम बिनधास्त करा. महिन्याला जेमतेम चहाचा कप एवढंच ऑइल जात असेल तर क्लचचं काम येईपर्यंत थांबलात तरी चालेल. क्लच घसरायला लागला असेल तर मात्र थांबू नका, क्लच प्लेटला तेल लागलं असण्याची शक्यता आहे. गिअरबॉक्स उतरतोच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील तपासून गरजेप्रमाणे तेव्हाच बदला. त्या वेळी गॅरेजमध्ये स्वतः हजर राहा. जुनं सील निघाल्यावर क्रँकवर ते जिथे घासत होतं तिथे नख फिरवा. नख अडकण्याइतकी चर पडली असेल तर नवीन सील त्याच जागी बसवलं तरी ते पुन्हा गळेल. जागा असेल तर सील दीड-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवायला सांगा, म्हणजे त्याची कड चरीवर न येता गुळगुळीत भागावर येईल.