आम्ही कागदावर मावसभाऊ-मावसबहीण होतो

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बाणेरला तुम्ही दोघं चौदा महिने एकत्र राहिलात, आठ महिन्यांपूर्वी तो पीआरवर, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या व्हिसावर, मेलबर्नला आला, लग्न झालेलं नाही आणि इतक्यात करायचंही नाही, तुझ्या घरी यातलं काही माहीत नाही. तर पार्टनर व्हिसा मिळेल का, पुण्यातला एजंट अडीच लाख मागतोय ते द्यावेत का, व्हॉट्सअ‍ॅपचे चॅट पुरतील का, की सरळ टुरिस्ट व्हिसावर येऊन इथूनच अर्ज करावा?

मिळतो. मला मिळाला. आधी तात्पुरता, सबक्लास ३०९, मग कायमचा, सबक्लास १००. ऑस्ट्रेलियात लग्न केलेलं जोडपं आणि लग्नाशिवाय संसार करणारं जोडपं या व्हिसासाठी एकाच रांगेत उभं असतं. दोघी बायका किंवा दोघं पुरुष असले तरी तेच. फक्त लग्न झालेले विवाहाचा दाखला जोडतात, आणि आपल्याला अर्जाच्या आधीचे निदान बारा महिने आपण ‘डी फॅक्टो’ होतो हे दाखवावं लागतं. ओळख झाली, मुळशीला फिरायला गेलो, ते दिवस यात धरत नाहीत. संसार मांडला तिथपासून मोजायचं. तो इकडे आल्यानंतरचे आठ महिने मात्र वाया गेलेले नाहीत. एकत्र राहणारे कायद्याला चालतात, तसे ‘कायमचे वेगळे राहत नसलेले’ही चालतात. एक जण नोकरीसाठी पुढे गेला, दुसरी मागून येणार, घरखर्चाचे पैसे अजून इकडून तिकडे जातायत, असं असेल तर ते महिने मोजले जातात. म्हणजे तुझे बावीस महिने होतात. कागद असले तर.

आपल्याकडच्या जोडप्यांची गोची इथेच होते. केस ऑफिसर जे जे मागतो, ते सगळं आपण एकत्र राहत असताना जिवापाड लपवलेलं असतं.

आमचंच बघ. कोथरूडला फ्लॅट घेतला तेव्हा पहिला करार माझ्या आणि माझ्या मैत्रिणीच्या नावावर होता. ती दोन महिन्यांत बंगळुरूला गेली आणि हा राहायला आला. मालकीणबाई चांगल्या होत्या, त्यांना सगळं ठाऊक होतं. पण सोसायटीच्या भाडेकरू फॉर्ममध्ये ‘आपसांतील नाते’ असा एक रकाना होता. बाईंनी पेन हातात घेतलं, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मावसभाऊ लिहिते हं. सेक्रेटरी फार चौकश्या करतो.” आम्ही तिघंही हसलो. पुढे अर्ज भरताना पत्त्याचा पुरावा म्हणून सोसायटीचं पत्र जोडलं, तर त्याच्यामागे तो फॉर्मही स्टेपल केलेला होता. मी न बघता आख्खाच्या आख्खा स्कॅन करून टाकला. सात महिन्यांनी इमीअकाउंटवर, म्हणजे व्हिसाच्या सरकारी ऑनलाइन खात्यावर, पत्र: तुमचा स्पॉन्सर तुमचा मावसभाऊ असल्याचं दिसतं, खुलासा करावा.

त्या रात्री मी जेवले नाही. शेवटी दोघांनी खरं काय ते लिहून दिलं आणि मालकीणबाईंनी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं. “मीच लिहिलं होतं, मीच निस्तरते,” म्हणून पंचाहत्तराव्या वर्षी रिक्षाने नोटरीकडे गेल्या. निभावलं. पण खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याचा शिक्का बसला तर व्हिसा नाकारतातच, वर पुढची तीन वर्षं बहुतेक व्हिसांची दारं बंद होतात. तेव्हा तुमच्या कुठल्या कागदावर कोण कोणाचा भाऊ आहे ते आत्ताच शोधून काढ, आणि सापडलं तर दडवू नकोस, स्वतःहून सांग.

दुसरं, फोनमध्ये त्याचं नाव काय आहे? माझ्या फोनमध्ये हा ‘पार्लर’ होता. आईने स्क्रीन पाहिली तर पंचाईत नको म्हणून. परिणाम असा, की आमच्या प्रेमाच्या पुराव्यात प्रत्येक स्क्रीनशॉटच्या डोक्यावर ‘पार्लर’ आणि खाली “जेवलीस का?”. नाव आज बदल.

चॅटबद्दल विचारलंस. पुरत नाहीत, पण लागतात. नऊशे पानं जोडू नकोस, कोणी वाचत नाही. दर महिन्याचे दोन-चार निवड, मराठी असतील तर शेजारी इंग्रजी भाषांतर दे आणि खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, पत्ता, पात्रता लिही. निवडताना गोडगोड संदेश बाजूला ठेव. “सिलिंडरवाला येऊन गेला, पैसे दिलेत”, “येताना दूध आण, कालचं नासलं”, “मावशींना उद्या सुट्टी आहे, भांडी राहिलीत” असले शोध. प्रेम कोणीही कोणालाही लिहितं. नासलेल्या दुधाची तक्रार एका घरात राहणारी माणसंच करतात.

ऑफिसर चार गोष्टी तपासतो: पैसा, घर, लोकांत तुमची ओळख, आणि एकमेकांशी असलेली बांधिलकी. घराचं म्हणशील तर आपल्याकडे वीजबिल मालकाच्या नावावर, मेंटेनन्स मालकाच्या नावावर. उरतो तो लीव्ह अँड लायसन्सचा करार. तो महाराष्ट्रात नोंदवलेला असतो, त्यावर फोटो आणि अंगठे असतात, म्हणून इथेही वजनदार ठरतो, पण दोघांची नावं असतील तरच. शिवाय आपला करार अकरा महिन्यांचा आणि यांना हवेत बारा! तुमचा नूतनीकरणाचा दुसरा करार असणार, तोही काढून ठेव. त्यात तुझं नाव नसेल तर इंटरनेटचं बिल, बँकेचा पत्ता, कुरिअर, किराणा मागवलेल्या अ‍ॅपवरचा पत्ता, जे मिळेल ते महिन्यावार लाव. पैशांच्या बाबतीत यूपीआयने आपल्यावर उपकार केलेत. हा दर महिन्याच्या पाच तारखेला मला नऊ हजार पाठवायचा आणि नोटमध्ये कधी ‘भाडं’, कधी ‘भाडं + मावशी’, एकदा ‘भाडं, आणि सॉरी’ असं लिहायचा. ते शेवटचंही आम्ही जोडलं.

आता बांधिलकी. त्याच्या इथल्या सुपरमध्ये, म्हणजे आपल्या पीएफसारख्या खात्यात, लाभार्थी म्हणून कोणाचं नाव आहे? बहुधा आईचं असेल. तुझं घालता येतं, डी फॅक्टो जोडीदार त्यात बसतो. पण हे अर्जाच्या आदल्या आठवड्यात केलेलं लगेच कळतं. म्हणून आत्ताच.

लोकांतल्या ओळखीचं मात्र अवघड आहे, आणि ते तुला आवडणार नाही. घरी सांगावं लागेल. ज्यांना तुमचं नातं ठाऊक आहे अशा निदान दोन ऑस्ट्रेलियन नागरिकांनी किंवा पीआरवाल्यांनी फॉर्म ८८८ भरून द्यायचा असतो. तुम्ही कधी एकत्र इथे राहिलेलाच नाहीत, तर तुमची ओळख असलेले असे लोक कुठून आणणार? आम्ही याच्या कॉलेजचा एक मित्र आणि त्याची बायको शोधली. दोघं सुट्टीत पुण्याला आले असताना आमच्याकडे पिठलं-भाकरी खाऊन गेले होते. तेवढ्याने फॉर्म भरले, पण बाजू लंगडीच होती. ती सावरली बाबांच्या पत्राने.

बाबांना मी कराडला जाऊन सांगितलं. चार दिवस ते बोलले नाहीत. पाचव्या दिवशी चहा पिताना विचारलं, “तिकडे कुठल्या कागदावर तुझं नाव असेल का, की तिकडेही मावसबहीणच?” मग म्हणाले, मी लिहून देतो. बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यामुळे पत्राला ‘विषय’ होता आणि ‘संदर्भ : आपले समक्ष बोलणे’ असंही होतं. ‘वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, माझी कन्या व सदर इसम हे एकत्र वास्तव्य करीत असून त्यास माझी हरकत नाही.’ भाषांतर करणाऱ्या बाईंनी ‘सदर इसम’चं काय करू म्हणून फोन केला होता.

सगळ्यांचे बाबा असं पत्र देणार नाहीत, मला माहीत आहे. घरून खरंच धोका असेल तर तसं अर्जात लिहिता येतं, आणि मग एकत्र राहणारी भावंडं, ऑफिसातले सहकारी, शेजारी यांची पत्रं जोडायची. पण नुसतं ‘आत्ता नको, दिवाळीनंतर बघू’ असेल तर दिवाळीची वाट पाहू नकोस.

यापुढचं नीट वाच आणि त्यालाही वाचायला दे. त्याने पीआरसाठी स्वतःला काय म्हणवलं होतं? १६ नोव्हेंबर २०१९ पासून स्किल्ड व्हिसाच्या गुणांत एकट्या अर्जदाराला १० गुण मिळतात. बाणेरच्या त्या चौदा महिन्यांत त्याने ‘सिंगल’ म्हणून ते १० गुण घेतले असतील आणि आता तुम्ही तेव्हापासून डी फॅक्टो आहोत असं लिहिलंत, तर तुझ्या अर्जाच्या आधी त्याचाच व्हिसा गोत्यात येईल. तसंच तू मध्ये कधी टुरिस्ट किंवा स्टुडंट व्हिसाचा अर्ज केला असशील, त्यात वैवाहिक स्थितीपुढे काय लिहिलंय? जुने अर्ज त्यांच्याकडे जसेच्या तसे असतात. यात काही खटकत असेल तर एजंटकडे नको, ऑस्ट्रेलियातल्या इमिग्रेशन वकिलाकडे जा, आणि अर्ज भरण्याआधी जा.

तो अडीच लाखवाला एजंट मारा-नोंदणीकृत (मारा म्हणजे व्हिसा एजंटांची नोंदणी करणारी ऑस्ट्रेलियातली सरकारी संस्था) आहे का ते विचार. नोंदणीकृत एजंटांची यादी ऑनलाइन सगळ्यांना पाहता येते, नंबर घालून बघायला दोन मिनिटं लागतात. नसेल तर एक रुपया देऊ नकोस. सरळसोट केस असेल तर अर्ज आपला आपण भरता येतो. आम्ही भरला. (मावसभाऊ प्रकरण बघता मी हे बोलू नये, पण एजंटनेही तो फॉर्म तसाच स्कॅन केला असता असं माझं मत आहे.)

फीच मोठी आहे. जुलै २०२५ पासून ९,३६५ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे पाच लाखांच्या वर. नाकारला तर परत मिळत नाही. दरवर्षी १ जुलैला बहुधा वाढते, त्यामुळे जूनमध्ये सगळ्यांची धावपळ असते. ३०९ आणि १०० ची फी एकदाच भरायची. आधी तात्पुरता ३०९ मिळतो, त्यावर नोकरी, शिक्षण, मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्यसेवा) सगळं चालतं. अर्जापासून दोन वर्षं झाली की पुन्हा पुरावे मागतात आणि मग कायमचा १०० देतात. म्हणून इथे आल्यावरही बिलं टाकून द्यायची नाहीत. आमचा ३०९ चौदा महिन्यांत आला, माझ्या ओळखीत कोणाचा आठ महिन्यांत तर कोणाचा दोन वर्षांत. पासपोर्ट सेवा केंद्रातलं पोलीस क्लिअरन्स आधीच काढून ठेवू नकोस, ते वर्षभरच धरतात. मेडिकलही अर्ज केल्यावर, त्यांनी ठरवलेल्या डॉक्टरकडेच.

टुरिस्ट व्हिसावर येऊन इथून ८२०, म्हणजे ऑस्ट्रेलियात असतानाच मागायचा पार्टनर व्हिसा, करणारे आहेत. त्यात वाट बघायचे दिवस एकत्र जातात. पण तुझ्या व्हिसावर ८५०३ ही अट पडली, म्हणजे ‘नो फर्दर स्टे’, तर इथून अर्ज करताच येत नाही. आणि टुरिस्ट व्हिसा मागताना ‘फिरून परत येणार’ असं लिहून मनात दुसरंच ठेवायचं, ते मला पटत नाही. मावसभावाचा अनुभव एकदा पुरे झाला. ३०९ चा अर्ज भारतातून कर, आणि मग खरोखर भेटायला म्हणून टुरिस्ट व्हिसा मागताना अर्जाचा उल्लेख कर.

‘मग लग्नच करून टाका की’ हे तुला सगळे सांगणार. करायचंच असेल तर स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली तीस दिवसांची नोटीस असते, आणि त्याआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य लागतं, त्याप्रमाणे त्याची रजा बघा. पण व्हिसासाठी म्हणून करू नका. लग्नाच्या दाखल्याने बारा महिन्यांची अट जाते, बाकी संसाराचे पुरावे तेवढेच मागतात. ती अट घालवायचा दुसराही मार्ग आहे: व्हिक्टोरियात नातं रजिस्टर करता येतं, दोघांपैकी एक जण तिथे राहत असला तरी चालतं. तुमचे बावीस महिने असल्याने त्यावाचून अडत नाही, पण बाणेरचे कागद कमी पडले तर लक्षात ठेव.

या रविवारी एक कर. त्याला फोन लाव आणि दोघांनी एकमेकांना न दाखवता कागदावर लिहा: कधी भेटलो, कधी एकत्र राहायला लागलो, घरभाडं कोण कसं द्यायचं, कोणाकोणाला माहीत आहे. दोघांनाही अर्जात आपापलं निवेदन द्यावं लागतं आणि तारखा जुळाव्या लागतात. आम्ही लिहिलं तेव्हा मी म्हणत होते दिवाळीत राहायला आला, हा म्हणत होता गणपतीत. दोन दिवस वाद झाला. शेवटी टेम्पोवाल्याला केलेलं पेमेंट सापडलं: अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, अठराशे रुपये. तुमचे कागद झाले की पाठव, बघून सांगते.