एक मालक, तीन व्यवसाय : टॅलीत कंपन्या किती असाव्यात?

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग, पल्प काढणारे लहान कॅनिंग युनिट आणि पर्यटक निवास आहे. तिन्ही व्यवसाय माझ्याच नावावर, एकाच पॅनवर आणि एकाच जीएसटी क्रमांकावर आहेत. हिशेबनिसांनी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन स्वतंत्र कंपन्या, म्हणजे हिशेबाचे तीन वेगळे संच, उघडल्या आहेत. परंतु बँक खाते एकच असल्याने वर्षअखेरीस मेळ बसत नाही आणि नेमका कोणता व्यवसाय फायद्यात आहे, हेही कळत नाही. काय करावे?
– एक वाचक, देवगड

उत्तर : अडचणीचे मूळ त्या तीन कंपन्यांतच आहे. कायद्याच्या दृष्टीने आपण एकच करदाते आहात, म्हणून टॅलीत कंपनी एकच ठेवावी आणि बाग, कॅनिंग व निवास अशी तीन कॉस्ट सेंटर (एकाच हिशेबातील विभागवार खाती) उघडून उत्पन्नाची व खर्चाची प्रत्येक नोंद त्यांपैकी एकावर टाकावी. निवास पुढे भागीदारीत गेले, तर पॅन बदलेल आणि तेव्हा मात्र स्वतंत्र कंपनी उघडावीच लागेल. बिलांसाठी प्रत्येक विभागाचा वेगळा व्हाउचर टाइप (टॅलीतील नोंदीचा प्रकार) करावा. जीएसटी नियमांनुसार बिलांच्या एकाहून अधिक मालिका चालतात. फक्त क्रमांक 16 अक्षरांपेक्षा मोठा नसावा.

खरी काळजी घ्यावी लागते ती बागेतून कॅनिंगला जाणाऱ्या आंब्याची. जीएसटी क्रमांक एकच असल्याने या मालाचे बिल करावे लागत नाही, आणि त्यामुळेच बहुतेक ठिकाणी त्याची नोंदच होत नाही. मग बाग तोट्यात दिसते आणि कॅनिंगचा नफा फुगतो. मे महिन्यात जितके किलो फळ युनिटवर उतरेल, तितक्याची त्या दिवशीच्या कॅनिंगच्या बाजारभावाने जर्नल नोंद (पैशांची देवघेव नसलेली हिशेबी नोंद) करावी : कॅनिंगचा कच्चा माल नावे, बागेचे अंतर्गत उत्पन्न जमा. एकूण नफ्यात त्याने फरक पडत नाही, विभागांचे चित्र मात्र खरे दिसते. शेतीचे करमुक्त उत्पन्न वेगळे काढतानाही हीच नोंद उपयोगी पडते, कारण स्वतःच्या शेतातील कच्च्या मालाची बाजारभावाने वजावट देण्याचे तत्त्व आयकर नियमांत आहे.

दुसरी बाब खरेदीवरील कराची. ताजा आंबा करमुक्त आहे, पल्प करपात्र आहे, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर 5 टक्के कर असून त्यापोटी खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. म्हणजे पल्पच्या डब्यांवरील कराची वजावट घेता येते, निवासाच्या चादरींवरील नाही. तो कर थेट खर्चातच धरावा. सनदी लेखापालांच्या शुल्कासारख्या सामाईक खर्चावरील कराची वजावट उलाढालीच्या प्रमाणात विभागावी लागते. विजेचे मीटर एकच असेल, तर कॅनिंग युनिट आणि निवास यांना उपमीटर बसवावेत. अंदाजाने केलेली वाटणी हंगामात हमखास चुकते.

कॉस्ट सेंटरवरून विभागवार नफा-तोटा कळतो, संपूर्ण ताळेबंद मिळत नाही. एकाच मालकाच्या व्यवसायाला तेवढे पुरेसे आहे, असे माझे मत आहे.

हा बदल 1 एप्रिललाच करावा. त्याआधी तिन्ही कंपन्यांतील परस्परांची येणी-देणी काढून टाकावीत, बँकेच्या उताऱ्याशी मेळ घालावा आणि मगच आरंभीच्या शिलका नव्या कंपनीत घ्याव्यात. जुना डेटा पुसू नये. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे.