एफडी करायला रक्त लागत नाही

पत्र चार पानी आहे, थोडक्यात सांगतो. कर्वेनगरचे वाचक, वय ३८, हिंजवडीत नोकरी, हातात १ लाख १० हजार येतात. बायको घराजवळच्याच शाळेत शिक्षिका, पगार ३८ हजार. घरात माणसं आठ: हे दोघं, ९ वर्षांच्या जुळ्या मुली, ३ वर्षांचा मुलगा, आई, ६६ वर्षांचे बाबा आणि बाबांची अविवाहित बहीण, म्हणजे आत्या. सगळे २४ हजार भाड्याच्या टूबीएचकेत. आता स्वतःचं घर घ्यायचंय. कोथरूडला १९९६ सालच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर टूबीएचके, कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ६४० स्क्वेअर फूट, किंमत १ कोटी १५ लाख. नाहीतर वाघोलीला नवीन थ्रीबीएचके, ९८ लाख, पझेशन डिसेंबर २०२७. "जागा मोठी घ्यावी की एरिया चांगला, एवढंच सांगा. रविवारी ब्रोकरला टोकन द्यायचंय. पैशाची सोय झालेली आहे."

पैशाची सोय झालेली आहे असं कुणी लिहिलं की मी आधी पैसेच बघतो, पण तुमचा प्रश्न पहिले उरकून टाकू.

वाघोली नको. ब्रोशरवरचे १३५० स्क्वेअर फूट हे सेलेबल आहेत, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून; महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्ट उघडून कार्पेट बघा, तुम्हीच खाली बारीक अक्षरात ९३० लिहिलंय. ९८ लाखांवर ५ टक्के जीएसटी आणि ७ टक्के स्टॅम्प ड्यूटी म्हणजे पावणेबारा लाख आणखी. पझेशनपर्यंत भाडंही चालू आणि हप्ताही चालू. तुमचं ऑफिस शहराच्या एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला, मधे नगर रोडचं ट्रॅफिक. आणि वहिनींनी वाघोलीहून कर्वेनगरची सकाळची शाळा किती महिने करावी असं तुम्हाला वाटतं? नोकरी सुटली की वर्षाला साडेचार लाख गेले, मग कसली स्वस्ताई. "मेट्रो येतेय" म्हणताय, तर रामवाडी ते वाघोली लाइनला केंद्राची मंजुरी जून २०२५ मध्ये मिळाली हे खरं. पण वनाज-रामवाडीचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ चं आणि रामवाडीपर्यंत गाडी धावली मार्च २०२४ ला. त्याच वेगाने गेलं तर तुमच्या मुली अकरावीला असतील. बिल्डरने मात्र मेट्रोचे पैसे आजच लावलेत.

मग कोथरूड? एरिया सोन्यासारखा, वाद नाही. पण लिफ्ट नाही आणि आत्यांचे गुडघे गेलेत हे तुम्हीच लिहिलंय. बाथरूम दोन, माणसं आठ, सकाळी सातला काय होणार ते मी सांगायला नको. (मोठ्या कुटुंबाने हॉल किती मोठा ते बघूच नये, संडास-बाथरूम मोजावेत.) "रिडेव्हलपमेंटला जाणारच, ३० टक्के जास्त जागा फुकट" हे तुम्हाला ब्रोकरने सांगितलंय, सोसायटीने नाही. कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, ठराव झालाय का, काही माहिती नाही. झालं तरी दोन-तीन वर्षं आठ माणसं घेऊन पुन्हा भाड्याच्याच घरात, भाडं बिल्डर देईल तोपर्यंत बिल्डरचं, नंतर तुमचं.

आता सोय.

तुमचा हिशोब असा: स्वतःचे १४ लाख, बाबांचे ४२ लाख, झाले ५६, उरलेल्या ५९ लाखांचं कर्ज, हप्ता ५१ हजार. यात स्टॅम्प ड्यूटी नाही, रजिस्ट्रेशन नाही, ब्रोकरेज नाही, सोसायटी ट्रान्सफर नाही, रंग-प्लंबिंग-ओटा काही नाही. ते धरा १८ लाख. कर्ज गेलं ७७ वर, हप्ता साडेआठ टक्क्याने २० वर्षांसाठी ६७ हजार.

इथपर्यंत नेहमीचंच, दहातले आठ लोक हेच विसरतात. पण बाबांच्या ४२ लाखांची फोड तुम्ही शेवटच्या पानावर दिलीय ती वाचून मी चहा बाजूला ठेवला. सीनियर सिटिझन स्कीममध्ये २५ लाख, एफडी ७ लाख, आणि "बँकेतली दुसरी एफडी १० लाख, दरवर्षी ५ लाख भरायचे, पाच वर्षं, दोन झालीत". पुढे सहज म्हणून लिहिलंय की ही एफडी करताना तुमचंही पॅन-आधार घेतलं, सही घेतली, आणि नंतर घरी एक मुलगा येऊन तुमचं रक्त घेऊन गेला.

अहो, एफडी करायला रक्त लागत नाही.

ती इन्शुरन्स पॉलिसी आहे. पैसे बाबांचे, विमा तुमच्या जिवावर, कमिशन बँकेचं. बाबांच्या वयात त्यांच्या स्वतःच्या नावाने महाग पडली असती म्हणून तुम्हाला उभं केलं. आणि बरोबर पाचच लाख का? एप्रिल २०२३ नंतरच्या पॉलिसींचा वर्षाचा प्रीमियम ५ लाखांच्या वर गेला की मॅच्युरिटीवर टॅक्स लागतो, म्हणून हे लोक पाचावर बरोबर थांबतात. "गॅरंटीड" हा शब्द मोठ्या टायपात असेल, पण खरा परतावा काढला की पाच-साडेपाच टक्क्याच्या आसपास येतो, तोही पंधरा-वीस वर्षं थांबलात तर. सहासष्ट वर्षांच्या माणसाला वीस वर्षांची वस्तू विकायची आणि वर "सर, एफडीपेक्षा सेफ" म्हणायचं. माझ्याकडे महिन्याला अशी दोन पत्रं तरी येतात, तरी प्रत्येक वेळी डोकं फिरतं.

तर हे १० लाख तुमच्याकडे नाहीत. दोन हप्त्यांनंतर सरेंडर केली, म्हणजे मधेच बंद करून पैसे परत मागितले, तर हातात बरंच कमी येईल. उलट अजून १५ लाख भरायचे बाकी आहेत, म्हणजे ज्या माणसाचे सगळे पैसे तुम्ही घरात घालणार आहात त्याच्यावर तीन वर्षांत पंधरा लाखांची देणी आहेत आणि हे घरात कुणाला माहीतच नाही.

आता पुन्हा मोजू. १० गेले, कर्ज ८७ लाख, हप्ता ७५ हजार, मेंटेनन्स ४, म्हणजे ७९. भाडं वाचलं २४, तुमची महिन्याची बचत ३०, झाले ५४. पंचवीस हजार कमी. वर सीनियर सिटिझन स्कीमच्या २५ लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ५१,२५० रुपये येतात, महिन्याला १७ हजार, आणि त्यातून तिघांची औषधं, दूध, भाजी होते हेही तुमच्याच पत्रात आहे. ती मोडली की एक-दीड टक्का पेनल्टी गेलीच, आणि तो पैसाही बंद. एकूण खड्डा महिन्याला ४२ हजारांचा. मग बाबांकडे उरते ४,१०० रुपयांची ईपीएस पेन्शन (पीएफवाली), आणि घर कुणाच्या नावावर, तर तुमच्या एकट्याच्या. उद्या मोलकरणीला दिवाळीचे हजार रुपये द्यायचे तरी आईंना तुमच्याकडे मागावे लागतील. तुम्ही द्याल हो, मला शंका नाही, पण मागावे लागतील. तुमची लग्न झालेली बहीण आहे, तिला हे माहितेय का तेही लिहिलेलं नाही.

बरं, मग करायचं काय. उत्तर तुमच्याच पत्रात आहे, तक्रार म्हणून लिहिलंय: "समोरचा वनबीएचके १८ हजारांत रिकामा आहे पण दोन-दोन भाडी म्हणजे पैसे पाण्यात." घ्या तो. एकाच मजल्यावर, लिफ्ट आहे, बाथरूम तीन होतील, आत्या आणि आई-बाबा तिकडे, दारं उघडी. दोन्ही मिळून ४२ हजार. शाळा बदलत नाही, वहिनींची नोकरी राहते, बाबांचं व्याज चालू राहतं. बचत १२ हजारांवर येते, मान्य, पण उणे ४२ पेक्षा बरी.

"तोपर्यंत भाव वाढतील" हे येणारच. वाढू देत. वर्षाला ६ टक्के धरले तर तीन वर्षांत १ कोटी १५ चे १ कोटी ३७, २२ लाख वाढले. आज घेतलंत तर ८७ लाखांवर पहिल्या वर्षी सव्वासात लाखांच्या वर व्याज आणि घातलेल्या ४६ लाखांवरचं बुडालेलं साडेतीन लाख, त्यातून दोन्ही भाड्यांचे वर्षाचे ५ लाख वजा करा, वर्षाला उरले पावणेसहा. तीन वर्षांत १७ लाख. म्हणजे थांबल्याचा तोटा पाच लाख. पाच लाखांसाठी आठ माणसांना एवढ्या खड्ड्यात घालायचं नाही. आणि तीन वर्षांनी घ्याल तेव्हा बाबांची जास्तीत जास्त ती ७ लाखांची एफडी, आणि घालणार असाल तर घरावर त्यांचंही नाव.

मधल्या काळात दोन गोष्टी. तुमच्यावर सात माणसं आणि टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा साधा विमा) शून्य, एक-दीड कोटीचा घ्या. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, पाच जणांचा स्वतःचा वेगळा काढा. सप्टेंबर २०२५ पासून या दोन्हींवर जीएसटीही नाही.

पॉलिसीचा बाँड कपाटात सापडेल, बहुतेक प्लॅस्टिकच्या चकचकीत फोल्डरमध्ये. फ्री लूकचे, म्हणजे पसंत नाही म्हणून पॉलिसी परत करायचे, दिवस कधीच गेलेत, पण कंपनीकडून सरेंडर आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर पॉलिसी चालू ठेवणं) दोन्हीचे आकडे लेखी मागवा, बँकेला आणि विमा कंपनीला "एफडी सांगून विकली" अशी लेखी तक्रार द्या, पोच घ्या, महिन्यात काही हललं नाही तर पुण्यातच विमा लोकपालाचं ऑफिस आहे, वकील लागत नाही. रक्ताचा रिपोर्ट जपून ठेवा. तिसरा हप्ता जुलैत आहे आणि बाबांच्या खात्याला ऑटो डेबिट लागलेलं असणार, ते आधी बघा. ब्रोकरला रविवारी येत नाही म्हणून कळवा.