ब्रिटनमधल्या हॉट रॉड आणि कस्टम गाड्यांमध्ये शौकिनांची सगळ्यात लाडकी गाडी कोणती?

प्रश्नाखाली तुम्ही एक शंका जोडली आहे: "हॉट रॉड तर अमेरिकन प्रकार, मग इंग्लंडात त्याचं काय?" आधी तीच घेतो, कारण उत्तर तिच्यातच दडलंय. (हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीत दांडगं इंजिन घालून केलेली वेगवान गाडी, आणि कस्टम म्हणजे मालकाच्या हौसेने रूप पालटलेली.)

मी मूळचा सांगलीचा, गेली बारा वर्षं बेडफर्डला राहतो. इथून जवळच पॉडिंग्टन नावाचं खेडं आहे. महायुद्धात तिथे अमेरिकन बॉम्बर विमानांचा तळ होता. त्याच धावपट्टीवर 1966च्या ईस्टरला सांता पॉड ही ड्रॅग रेसिंगची, म्हणजे सरळ रेषेत पाव मैल पळायच्या शर्यतींची, पट्टी सुरू झाली. म्हणजे हे वेड अमेरिकेतून आलं हे खरंच. पण अमेरिकन पोरांना जुनी फोर्ड आणि तिच्यासाठी आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन भंगारात सहज मिळायचं, तसं इथे नव्हतं. आणि ते नव्हतं याला कारण सरकारी कर.

महायुद्ध संपेपर्यंत इथे गाडीचा वार्षिक कर सिलिंडरच्या व्यासावरून ठरायचा. इंचातल्या व्यासाचा वर्ग करा, त्याला सिलिंडरच्या संख्येने गुणा आणि अडीचने भागा, की आली करापुरती हॉर्सपॉवर. फोर्डच्या 1172 सीसी इंजिनाचा व्यास अडीच इंच, सिलिंडर चार. करून बघा, बरोबर 10 येतात. पिस्टन किती लांब वरखाली होतो हे हिशेबात नसल्यामुळे कंपन्या अरुंद, उंच आणि मरतुकडी इंजिनं करत राहिल्या.

हेच 1172चं इंजिन 1953 साली फोर्ड पॉप्युलरमध्ये आलं. सगळे तिला नुसतं 'पॉप' म्हणतात. हीच माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर. किंमत करासकट 390 पौंड, त्या काळची इथली सगळ्यात स्वस्त चारचाकी. ताकद जेमतेम 30 हॉर्सपॉवर, गिअर तीन, हीटर नाही, वळायचे दिवे नाहीत, ब्रेक सळ्यांचे. वायपर एकच, तोही इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि ऐन पावसात वायपर पेंगायला लागतो. आकार असा ताठ आणि उभट की मागच्या पायांवर बसून बिस्कीट मागणाऱ्या कुत्र्यावरून तिला टोपणनाव पडलं.

1959पर्यंत अशा दीड लाखाहून जास्त पॉप निघाल्या. 1960च्या दशकात त्या मातीमोल भावात मिळायला लागल्या, आणि अंगाने हलक्या, खाली वेगळी शिडीसारखी चासी, म्हणजे गाडीचा पाया. चासी वेगळी असली की वरची बॉडी उचलून ठेवायची आणि खाली हवं ते करायचं. पुढे रोव्हर कंपनीने ब्यूकच्या एका ॲल्युमिनियमच्या व्ही-8 इंजिनाचे हक्क घेतले आणि 1967पासून ते आपल्या गाड्यांत घातलं. 3528 सीसी आणि वजनाने हलकं. रोव्हरचा पत्रा गंजून गेला तरी इंजिन धडधाकट राहायचं, त्यामुळे भंगारवाल्यांकडे त्यांची रांग लागली. मागचा एक्सल जॅग्वारचा घ्यायचा, त्याचे डिस्क ब्रेक चाकात नसून मधल्या डिफरन्शियलला चिकटून असतात. काही जण तो सगळा सांगाडा क्रोम करून मागून दिसेल असा ठेवतात. आमच्या सांगलीकडे जीपला मटाडोरचं डिझेल इंजिन बसवायचे, ते पैसे वाचवायला. इथे तोच उद्योग पैसे उडवायला चालतो.

बरेच जण मात्र पॉपचं नाव न घेता 'द बीस्ट' नावाच्या एका गाडीचं घेतील. तिची गोष्ट सांगायलाच हवी. 1970च्या दशकात पॉल जेमसनने एक चासी बांधली आणि तिच्यावर रणगाड्याचं मिटिऑर इंजिन चढवलं. गिअरबॉक्सचं काम ज्याच्याकडे गेलं त्या जॉन डॉडने ती गाडीच विकत घेतली. पुढे ती आगीत सापडली, तर पठ्ठ्याने ती पुन्हा उभी केली आणि या खेपेला घातलं रोल्स-रॉइस मर्लिन, म्हणजे ज्या घराण्याच्या इंजिनावर स्पिटफायर उडायचं ते. 27 लिटर, 12 सिलिंडर. पुढे बॉनेट संपतच नाही आणि माणसं बसतात पार मागच्या टोकाला. 1977च्या गिनीज बुकात रस्त्यावरची सगळ्यात ताकदवान गाडी म्हणून तिची नोंद झाली. डॉडने गाडीच्या तोंडाला रोल्स-रॉइसची जाळी आणि बॉनेटवरची ती परीही लावली होती. इंजिन तुमचंच आहे ना, मग जाळी लावली तर बिघडलं कुठे, असा एकंदर आविर्भाव. कंपनी कोर्टात गेली. डॉड तीच गाडी घेऊन सुनावणीला हजर झाला, 1981 साली खटला हरला आणि नंतर स्पेनला जाऊन राहिला. 2022च्या अखेरीस तो वारला, आणि पुढच्या वर्षी लिलावात गाडीला 72,500 पौंड आले. मला तरी ते कमीच वाटले.

बीस्ट आचरटपणा म्हणून ग्रेटच आहे. पण ती एकच आहे, आणि तिच्यासारखी दुसरी कुणी घरामागच्या शेडमध्ये करायला जात नाही.

जॉन लेननची 1967 साली फुलापानांनी रंगवलेली पिवळी रोल्स-रॉइस, किंवा पीटर सेलर्सची वेताच्या विणकामासारखी दिसणारी मिनी, यांना शौकीन लोक हॉट रॉडच्या पंगतीला बसवत नाहीत. ती पैसे देऊन करून घेतलेली कामं. संत्र्याच्या आकाराच्या मिनी 1972 साली संत्री विकण्यासाठी बनवल्या होत्या. त्यातली एक ब्यूलीच्या संग्रहालयात आहे, पोरांना दाखवायला झकास. आजच्या काळातलं नाव हवं असेल तर अँडी फ्रॉस्टची 'रेड व्हिक्टर'. वरून जुनी व्हॉक्सहॉल व्हिक्टर, आपल्या कॉन्टेसाच्या घराण्यातली. नंबर प्लेट लावलेली ही गाडी पाव मैल सात सेकंदांच्या आत कापते. सांता पॉडला ती सुटते तेव्हा आवाज कानाला नाही, बरगड्यांना जाणवतो.

पण माझी लाडकी गाडी दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये बेडफर्डजवळच्या ओल्ड वॉर्डनला हॉट रॉडच्या मेळाव्यात भेटली. निळी पॉप, शेजारी घडीच्या खुर्चीत सत्तरीचा एक निवृत्त प्लंबर, मांडीवर चहाचा थर्मास. मी बॉनेटकडे बघत रेंगाळलो तर म्हातारबुवांनी न विचारता ते उघडलं. आत रोव्हर व्ही-8 इतकं घट्ट बसलेलं की इंजिन आणि मागचा पत्रा यांच्यात माझी मूठ जाईना. स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टला चुकवत दोन ठिकाणी सांधे देऊन वळवलेला. "उन्हाळ्यात बूट गरम होतात," ते म्हणाले.

मी विचारलं, सगळं बदललंत, मग चासी का नाही? त्यावर त्यांनी बोटांवर गुणांचा हिशेब मांडला. गाडीचा जुना नंबर टिकवायचा तर इथे 8 गुण लागायचे. मूळ चासीचे 5, स्टिअरिंग, सस्पेन्शन, एक्सल आणि गिअरबॉक्स यांचे प्रत्येकी 2. इंजिनाचा फक्त 1. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्याला सरकारदरबारी एकच गुण! गुण कमी पडले की 'क्यू'ने सुरू होणारा, गाडीचं मूळ नक्की नाही असं सांगणारा नंबर गळ्यात पडायचा, आणि तो कुणालाच नको असायचा. म्हणून त्यांनी चासीला हात लावला नव्हता, दोन्ही एक्सल आणि सस्पेन्शनही मूळचंच.

"आणि वायपर," त्यांची बायको मागून म्हणाली. "त्याचे गुण नाहीत, तरी हा बदलत नाही."

चारच्या सुमाराला पाऊस आला तसे सगळे पांगले. म्हातारबुवांनी खुर्च्या मागे टाकल्या, बायकोला आत बसवलं आणि निघाले. तो एकुलता एक वायपर मान डोलवत चालला होता. फाटकातून रस्त्याला लागताना त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. व्ही-8 गुरगुरलं आणि वायपर काचेच्या मधोमध थांबला.