शेतात मेटल डिटेक्टरने सापडलेलं जुनं तांब्याचं नाणं कोणतं आहे आणि त्याचे किती पैसे येतील?

तुम्ही लिहिलंय की सासवडजवळ घरच्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवताना वीतभर खोल एक जाड, वेडंवाकडं तांब्याचं नाणं मिळालं, एका बाजूला 'राजा' वाचता येतंय, दुसऱ्या बाजूला 'पति', सोनाराच्या काट्यावर ९ ग्रॅमच्या आसपास भरलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकजण ५ लाख द्यायला बसलाय. आधी त्या ५ लाखवाल्याचं बघू. तो आता सर्टिफिकेटसाठी दोन-तीन हजार मागेल, मग जीएसटी, मग कुरिअरचा इन्शुरन्स, आणि दर वेळी आरबीआयचं नाव घेईल. आरबीआय असल्या व्यवहारात पडत नाही, कमिशन घेत नाही आणि कुणाला तसे अधिकारही दिलेले नाहीत, ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी हे जाहीरच केलंय. ब्लॉक करा त्याला.

तुमचं नाणं म्हणजे शिवराई. पूर्ण मजकूर एका बाजूला तीन ओळीत 'श्री / राजा / शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळीत 'छत्र / पति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. तुमच्या नाण्यावर 'श्री' आणि 'शिव' झिजून गेलेत असं समजू नका, बहुतेक ते उमटलेच नव्हते. ही नाणी हातोड्याने ठोकून पाडायचे, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यात ठोकताना तो सरकला की वरची किंवा खालची ओळ बाहेरच राहायची. सगळी अक्षरं आणि ठिपके एकाच नाण्यावर पूर्ण आलेली शिवराई फार कमी बघायला मिळते आणि पैसे खरं तर त्याचेच असतात.

आता हे खुद्द शिवाजी महाराजांच्या काळातलं का, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. बहुधा नाही. राज्याभिषेक १६७४ चा, शिवराई तेव्हापासूनची, पण ती पुढे पेशवाईभर आणि कंपनी सरकार आल्यावरही काही वर्षं पाडली जात होती, सगळ्यांवर मजकूर तोच. महाराजांच्या काळातल्या म्हणून ज्या मानतात त्या साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या, अक्षर भरदार. नंतरच्या हलक्या होत गेल्या. पेशवाईत परवाना घेऊन खाजगी लोक टांकसाळी चालवायचे त्यामुळे शिव, सिव, सीव, पति, पती, जे ठसा कोरणाऱ्याला सुचेल ते. रेव्हरंड अ‍ॅबट म्हणून एक मिशनरी होते त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी २५ हजारांवर शिवराया जमवून हे सगळे प्रकार नोंदवले, यावरून किती निघतात बघा. तुमच्या फोटोत अक्षरांच्या ओळींमधे दोन आडव्या रेघा दिसतायत असं मला वाटतंय, तसं असेल तर ती दुदांडी, म्हणजे पेशवाईचा उत्तरार्ध, आणि ९ ग्रॅमशी ते जुळतंय पण.

किंमत म्हणाल तर अशी अर्धवट उमटलेली दुदांडी नाण्यांच्या प्रदर्शनात शे-दोनशेला मिळते, जरा बरी असेल तर चार-पाचशे. लाखातली शिवराई हवी तर ती सोन्याची, शिवराई होन, पावणेतीन ग्रॅमच्या आसपासची, आणि ती इतकी दुर्मिळ की कुणी दाखवली तर आधी खोटी समजूनच हातात घ्यावी, गडांच्या पायथ्याशी पितळी होन टोपलीभर मिळतात. असलाच दुसरा प्रकार म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं राम दरबारवालं नाणं, कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही, तरी दर महिन्याला कुणीतरी त्याची किंमत विचारतंच.

आणि हो, ते घासू नका!! चिंच नाही, लिंबू नाही, पितांबरी तर अजिबात नाही. वर जो गडद हिरवा-तपकिरी थर चढलाय तो शे-दोनशे वर्षांत बसलाय, संग्राहक तोच बघतात, चकचकीत केलेल्या शिवराईला भंगाराचा भाव येतो. डिस्टिल्ड वॉटरमधे दोन-चार दिवस ठेवा, पाणी बदलत रहा, माती सुटली की मऊ ब्रश किंवा लाकडी टूथपिक, बस. फक्त कुठे फिकट हिरवी पावडर सुटत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं आणि कोरडं ठेवा, तो रोग आहे, आत खात जातो.

शेवटी कायद्याचं, हे डिटेक्टरवाल्यांना कुणी सांगत नाही. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट अजून लागू आहे, जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरला लेखी कळवायचं, लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मालक कुणी पुढे आला नाही आणि वेगळा काही करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, उरलेलं जमीनमालकाचं. एक सुटं पडलेलं नाणं याच्यात बसतं का यावर वकील भांडतील, मी म्हणेन एका पानाचा अर्ज देऊन पोच घ्या आणि मोकळे व्हा. डिटेक्टर त्याच जागी परत वाजला आणि खाली मडक्याचं खापर लागलं तर मात्र तिथेच थांबा, उपसू नका, फोटो काढा आणि तलाठ्याला बोलवा, कारण नाणी कशात आणि कोणत्या थरात होती हे एकदा विस्कटलं की कुणालाच सांगता येत नाही. संरक्षित गड-किल्ल्यावर तर डिटेक्टर नेऊच नका, पुरंदर जवळ आहे म्हणून मुद्दाम लिहितोय.

रेघांची खात्री करायची असेल तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, फ्लॅश बंद ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो परत टाका. शिकायची आवड असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथलं म्युझियम एकदा बघून या.