हुशार मित्र नापास झाल्यावर आतून बरं वाटलं. मी विकृत आहे का?

अजिबात नाहीस. वयाने मोठी आहे म्हणून अरे-तुरे करते. तू प्रश्नात जाता जाता लिहिलंयस, "बाबा कायम त्याचंच उदाहरण द्यायचे." सगळं दुखणं तिथे आहे.

आमच्या घरी तो मान आतेभावाचा होता. जेवताना त्याच्या मार्कांचं पारायण चालायचं आणि माझा धाकटा भाऊ मान खाली घालून गिळत राहायचा. मग एका प्रवेश परीक्षेत आतेभाऊ सपशेल आपटला. फोनवर आत्या रडत होती, स्पीकर चालू. भाऊ बुटांना पॉलिश करत होता. ब्रश क्षणभर थांबला, ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं आणि ब्रश दुप्पट जोरात चालू लागला. बाबांनी नेमकं तेवढंच पाहिलं. "जळकुकडा! आसुरी आनंद होतोय याला!" मी तिथेच म्हटलं, ज्या फूटपट्टीने पोराला रोज मोजलंत ती मोडली, त्याला सुटल्यासारखं वाटणारच. बाबांचं म्हणणं, तुलना केल्याशिवाय मुलं ईर्षेला पेटत नाहीत. हा वाद अजून चालू आहे आणि मी माघार घेणार नाही.

नेदरलँड्समधल्या विल्को व्हॅन डाइक आणि सहकाऱ्यांचा २०११ सालचा अभ्यास हेच सांगतो. विद्यार्थ्यांना एका हुशार विद्यार्थ्याच्या अपयशाबद्दल वाचायला दिलं. ज्यांचा आत्मसन्मान कमी होता त्यांना तो मुळातच जास्त टोचत होता, म्हणून त्यांना आनंदही जास्त झाला. स्वतःबद्दल बरं वाटायची संधी मिळाली, तेव्हा हा आनंद ओसरला.

म्हणून मनाला शिव्या घालत बसू नकोस. त्या मित्राशी ज्याचा संबंधच नाही असं एखादं काम धर. भाऊ सायकली खोलून जोडायला लागला, तेव्हापासून आतेभावाचे मार्क त्याच्या कानावरून जायला लागले. बाबा याला योगायोग म्हणतात. म्हणोत.

हे सगळं मनात वाटण्यापुरतं, हं. ग्रुपवर त्याची टिंगल केलीस तर ते सर्वस्वी तुझं, तिथे बाबांना पुढे करायचं नाही. आणि आपण कशालाच लायक नाही असं सतत वाटत असेल तर समुपदेशकाला गाठ, माझ्या उत्तरावर भागवू नकोस.

बाबांना मात्र एकदा स्पष्ट सांग, माझे मार्क विचारा, त्याचे नकोत. चिडले तरी सांग. माझ्या भावाला ते कधी जमलं नाही, म्हणून आमच्याकडे त्याच्या वतीने मी भांडते.