ख्याल परत पहिल्यापासून का?

प्रश्न : दादा, डोंबिवलीहून सीएसएमटीला जाताना मी छोट्या एमपीथ्री प्लेयरवर शास्त्रीय ऐकते. उतरताना बंद केला की संध्याकाळी तोच ख्याल परत पहिल्यापासून, त्यामुळे द्रुत, म्हणजे शेवटचा जलद भाग, कधी कानावर पडतच नाही. मिस्टरांच्या मोबाईलवर उलटं, भावगीत मधल्याच कडव्यापासून सुरू होतं. बरोबर कोणतं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, चुकतायत दोघंही, पण मोबाईलची चूक परवडली. कारण गाणं मध्येच सुरू झालं तर मागचं बटण एकदा दाबायचं, बहुतेक प्लेयर तेच गाणं पहिल्यापासून लावतात (लगेच परत दाबलं तरच आधीचं लागतं), पण चाळीस मिनिटांचा ख्याल पहिल्यापासून लागला तर गर्दीत एका हाताने दांडी धरून अंगठ्याने कुठवर पुढे ढकलणार?

कॅसेटच्या वॉकमनला, म्हणजे १९७९ पासून, ही भानगडच नव्हती, टेप थांबली तिथेच राहायची. डिजिटलमध्ये जागा लिहून ठेवावी लागते आणि स्वस्तातले प्लेयर एकतर लिहीतच नाहीत नाहीतर फक्त शेवटच्या फाइलची लिहितात, मध्ये दुसरं काही लावलं की गेलं.

माझं मत विचाराल तर पॉज केलं असेल तर तिथूनच, आणि बंद करून तासांनी लावलं तर चार-पाच मिनिटांचं गाणं पहिल्यापासून, लांब रेकॉर्डिंग मात्र थोडं मागून. आता थोडं म्हणजे किती? भाषणाला दहा सेकंद पुष्कळ झाली, पण विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचं एक आवर्तनच (तालाचा एक पूर्ण फेरा) कधीकधी मिनिटभराचं असतं, दहा सेकंदांत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे गेली तेही कळत नाही, मी तर दोन मिनिटं मागे जाईन. प्लेयर बनवणाऱ्यांना हे कोण सांगणार!

ॲपलच्या आयट्यून्स प्रोग्राममध्ये एकेका ट्रॅकला जागा लक्षात ठेवायला सांगता येतं. जुना आयपॉड किंवा सॅनडिस्कचा सान्सा क्लिप असेल तर रॉकबॉक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकता येतं, त्यात बंद करताना आपोआप बुकमार्क (थांबल्या जागेची खूण) ठेवायची सेटिंग आहे. तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते आधी बघा, सगळ्यांवर चालत नाही.

नसेल तर घरच्या कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या ऑडिओ कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये विलंबित आणि द्रुत वेगळे कापून दोन फाइली करा, मग संध्याकाळी थेट द्रुत लावता येईल. सलग ऐकताना काही प्लेयर मध्ये बारीकसा गॅप टाकतात, तेवढं चालवून घ्या.